अमेरिकेचा तास

“ह्या अमेरिकेवर पाली किती हगल्यात बघा, मॅडम,” स्टुलावर चढलेला लहान्या शिपाई नकाशावर ओलं फडकं घासत पुटपुटला. “एवढी वरसं कोणी हिच्याकडं बघितलं नाय. आज साहेबलोक येणार, तर पुसा. पुसायला कोण? लहान्या. पालींना पन दुसरा देश नाय भेटला.”

“फ्लोरिडा सांभाळ,” स्टूल धरून खाली उभी असलेली जयश्री म्हणाली. “फाटलंय तिथं.”

“ह्याच्यात फ्लोरिडा कुठं आली?”

“जिथं फाटलंय तिथं.”

लहान्याने फडकं पिळलं. काळं पाणी जयश्रीच्या नव्या साडीपासून चार बोटांवर पडलं. साडी तिने मुद्दाम आजच्यासाठी घेतली होती आणि सकाळी उधव्याहून इको गाडीत तिसऱ्या सीटवर चौघींत बसून येताना ती चुरगळूनही झाली होती.

विद्यापीठाने निवडीला चार पेपर दिले होते. त्यांतला ‘अमेरिकेचे शासन: प्राथमिक ओळख’ हाच तलासरीच्या ह्या कॉलेजने का उचलला, ह्यामागे जगाचा किंवा लोकशाहीचा काही विचार वगैरे नव्हता. महादेव सरांकडे त्याच्या नोट्स तयार होत्या, एवढंच. पुढे सर प्राचार्य झाले आणि नोट्स जयश्रीकडे आल्या. खाकी कव्हराची वही, कोपऱ्यांना चहा. त्या वहीत शीतयुद्ध अजून चालू होतं. ते जयश्रीने पहिल्याच वर्षी लाल पेनाने संपवलं.

त्याला सतरा वर्षं झाली. ती तासिका तत्त्वावर होती, म्हणजे जेवढे तास तेवढीच ती शिक्षिका. मे महिन्यात ती कोणीच नसायची. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखत घ्यायला तेच महादेव सर, “या, या, बसा, तुमचा अनुभव किती?” असं विचारत. पाड्यावर मात्र तिला सगळे ‘कॉलेजवाली बाय’ म्हणत आणि मुलांच्या दाखल्यांसाठी तिच्या दारात येऊन बसत. तिथे ती कायमची होती.

सरांनी मागच्या आठवड्यात तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. सर नरपडचे, घरच्या चिकूच्या वाड्या, बोलताना पोटावर हात ठेवायची सवय.

“विद्यापीठाची समिती सोमवारी आपला वर्ग बघणार. हजेरी चांगली दिसली तर पेपर राहील, आणि तुमचं ते कायम करायचं पण मी पुढे ढकलीन. नाही दिसली तर जूनपासून अमेरिका बंद. मग तुम्हाला शिकवायला काय देऊ? चिकू?” आपल्याच विनोदावर सर मनसोक्त हसले. “मुलांना प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या. ह्या लोकांना तोंड नसतं हो, आपण घालावं लागतं.”

जयश्रीही त्याच पाड्यांवरच्या लोकांतली.

“तुमचं वेगळं आहे म्हणा,” सर म्हणाले.

हे ‘तुमचं वेगळं’ तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की आता त्याचा राग येण्याऐवजी तिला त्यांच्या पोटावरच्या हाताकडे बघून हसू यायचं. वाईट ह्याचं वाटायचं, की ती हसू दाबायची. सतरा वर्षं ती मुलांना शिकवत होती की तिकडे एकाने मर्यादा ओलांडली की दुसरा त्याला अडवतो, आणि तास संपवून खाली जाऊन ‘हो सर’ म्हणत होती.

आता हजेरीचं. पटावर बेचाळीस नावं होती आणि वर्गात रोज पाच-सहा डोकी. बाकीचे उंबरगावला कंपनीत. पहाटे कंपनीच्या बसमध्ये चढत, संध्याकाळी उतरत, आणि मधल्या वेळात कागदावर तलासरीत बसून अमेरिकेचं शासन शिकत. हजेरी नसली तर परीक्षा नाही, आणि कंपनीत खाडा पडला तर कंपनी नाही. त्यावर मुलांनीच तोड काढली होती. मनिष नावाचा पोरगा पोलीस भरतीसाठी रोज कॉलेजच्या मैदानावर पळायचा, म्हणून तो वर्गात असायचाच. तो सगळ्यांच्या वतीने ‘हजर’ म्हणायचा. मुलग्यांसाठी जाड आवाज, मुलींसाठी बारीक. दोन-तीन खास मैत्रिणींसाठी तो किंचित लाजायचासुद्धा. बदल्यात कंपनीतली ही पोरं त्याला परीक्षेआधी झेरॉक्स आणि पळायचे बूट पुरवत.

ह्यात जयश्रीचा वाटा एवढाच, की ती नावं पुकारताना मान वर करत नसे. पटावरच्या रकान्यात पेन खाली खाली सरकत जायचं आणि तिचं कपाळ त्याच्या मागे. कोणी कधी काही बोललं नव्हतं. सरांना माहीत होतं, लहान्याला माहीत होतं, खालच्या ऑफिसातल्या पंख्यालाही माहीत असावं.

आज मात्र सगळे येणार होते. “सगळ्यांना आण, नाहीतर एकालाही परीक्षेचा फॉर्म भरू देणार नाही,” असं सरांनी मनिषला बजावलं होतं. मनिषने रविवारी मोटारसायकलवरून पाड्यापाड्यांत फिरून निरोप दिला होता. साडेदहाला ती पोरं आली. केसांना तेल, घड्या न मोडलेले शर्ट. दारात चपला काढू लागली, तेव्हा लहान्या ओरडला, “अरे, देऊळ हाय काय हे? घाला पायात!” बसायचं कुठे हे त्यांना कळेना. जागा ठरलेल्या नव्हत्याच.

अकराला समिती आली. अध्यक्ष सफारी घातलेले, मागे फाइल धरलेल्या एक बाई, आणि त्यांच्या मागे महादेव सर लग्नघरातल्या मामासारखे. गाडीच्या डिकीत चिकूच्या पेट्या आधीच चढल्या होत्या. लहान्यानेच चढवल्या होत्या.

“चालू द्या, चालू द्या. नेहमीसारखं,” अध्यक्ष मागच्या खुर्चीत बसत म्हणाले.

नेहमीसारखं म्हणजे हजेरी. जयश्रीने पट उघडला आणि मान खाली घातली.

“बायजी लक्ष्मण.”

“हजर मॅडम,” मनिषचा बारीक आवाज. लगेच मागून एक खराखुरा मुलीचा, “हजर.”

जयश्रीचं पेन थबकलं. सवय हो. पोराची जीभ आपोआप गेली. ती पुढे सरकली, त्याला सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून जरा हळू.

“काकड्या सोन्या.”

“हजर!” जाड. “हजर,” दुसरा, त्याहून जाड.

वर्गात खसखस पिकली. मनिषने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं, पण पुढच्या नावाला बोटांच्या फटीतून आवाज निसटलाच. “जमना रघ्या,” हजर, हजर. हा दुसरा आवाज इतका भरड होता की हसणारेही गप्प झाले.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. “हे काय? दोन-दोनदा?”

“पत्रा आहे ना, साहेब,” महादेव सर छताकडे बोट दाखवून म्हणाले. “आवाज घुमतो.”

अध्यक्षांनी वर पाहिलं. फाइलवाल्या बाईंनीही पाहिलं. वर पत्रा होता, हे खरंच होतं.

“घुमतो खरा,” अध्यक्ष म्हणाले. बाईंनी काहीतरी लिहिलं. बहुधा छताची दुरुस्ती.

जयश्रीला त्या क्षणी त्या सगळ्यांची किळस आली. सरांची तर होतीच. पण हा एवढा शिकलेला माणूस, मुंबईहून गाडी करून आलेला, आणि त्याला पत्रा पटला! फसवायची एवढी तयारी केली होती, आणि समोरचा तर फसायचं ठरवूनच आला होता.

“एक प्रश्न विचारतो,” अध्यक्ष म्हणाले. “अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष चुकीचं वागायला लागला तर त्याला कोण अडवतं?”

मनिष उठला. त्याला हेच पाठ होतं, तीन मुद्दे, दुसऱ्या मुद्द्याचे दोन पोटमुद्दे. पण अध्यक्षांनी त्याला हाताने बसवलं. “तू नको. ती मुलगी सांगेल. भरड आवाजाची.”

जमना उभी राहिली. उंच, सावळी, हातांवर बारीक भाजल्याचे डाग. ती सरळ अध्यक्षांकडे बघत होती.

“सांग, सांग,” महादेव सर म्हणाले. “मॅडमनी शिकवलंय ना?”

“शिकवलं असंल,” जमना म्हणाली.

पुन्हा खसखस. सरांच्या मानेची शीर फुगली.

“मना तिकडचं नाय माहीत, साहेब,” जमना म्हणाली. “पन आमच्या लाईनवर मशीन बिघडलं ना, तरी सुपरवायझर बोलतो, चालवा. त्याच्या वरचा पन बोलतो, चालवा. सगळे वरचे चालवाच बोलतात. मग ज्याचा हात मशीनवर असतो ना, तो हात काढतो. तवाच थांबतं. तिकडं पन तसंच असंल. वरचा कोण नाय अडवत. ज्याच्या हातानं काम होतं, तोच अडवतो.”

“लाईनवर?” फाइलवाल्या बाईंनी विचारलं.

“सुट्टीत जातात, मॅडम,” सर झटकन म्हणाले. “कमवा आणि शिका.”

“वा! अनुभवातून शिक्षण,” अध्यक्ष बाईंना म्हणाले. “लिहा ते.”

बाई लिहू लागल्या. सरांनी सुस्कारा सोडला. संपलं होतं खरं म्हणजे. पेपर राहिला होता, जून राहिला होता, कदाचित ह्यापुढचे मे महिनेसुद्धा. जयश्रीने फक्त पट मिटायचा होता. पण ती अजून त्या मुलीकडे बघत होती. सतरा वर्षं तिने काँग्रेस, न्यायालय, महाभियोग असं सांगितलं होतं, आणि पोरांनी ते परीक्षेत तसंच ओतलं होतं, चुकलेल्या शब्दांसकट. हे कोणी बोललं नव्हतं.

“जमना,” ती म्हणाली. नोट्समध्ये नसलेला प्रश्न विचारायची तिला सवय नव्हती, म्हणून आवाज जरा चिरकला. “हात काढला की मग काय होतं?”

“दुसऱ्याला आणून बसवतात, मॅडम.”

“आणि मग?”

“तो चालवतो. भीती असते ना. पन कधीकधी तो पन काढतो.”

“तू काढलायस?”

“दोनदा.”

“आणि ज्यानं पहिल्यांदा काढला, त्याचं काय होतं?”

जमनाने खांदे उडवले. “घरी पाठवतात. काय होनार? दुसरी कंपनी बघायची.” मग ती जराशी हसली. “हात तर राहतो, मॅडम.”

मागच्या बाकावरची दोन पोरं पुढे झुकली होती. लहान्या दारात ट्रे घेऊन उभा होता, चहावर साय धरत होती. हा तास होता, जयश्रीच्या लक्षात आलं. तास असा असतो.

अध्यक्षांनी हातावरच्या घड्याळात बघितलं आणि उठले. “छान, मॅडम. चांगलं तयार केलंय मुलांना. ही नेहमीच एवढं बोलते का वर्गात?”

“रोज, साहेब,” महादेव सर पोटावर हात ठेवून म्हणाले. “अहो, हिला गप्प करावं लागतं! काय, मॅडम?”

सगळे तिच्याकडे बघत होते. मनिषने डोळे मिटून घेतले होते. जमना मात्र तशीच उभी होती, बस म्हटलं नव्हतं म्हणून.

जयश्रीने पट उचलला आणि टेबलाला वळसा घालून मागे अध्यक्षांपाशी गेली. पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. जमनाच्या नावापुढे जूनपासून एकही रकाना रिकामा नव्हता.

“साहेब, ह्या सगळ्या खुणा माझ्या आहेत,” ती म्हणाली. “ही मुलगी जूनपासून रोज हजर आहे. आणि मी तिला आज पहिल्यांदा बघते आहे.”