सासऱ्यांचा खडक

लग्न होऊन या घरात आल्यापासून सुनेने उठता-बसता एकच गोष्ट ऐकली होती, ती म्हणजे सासऱ्यांच्या खडकाची.

तरुणपणी सासरे फेरीबोट चालवत. एकदा दाट धुक्यात, बंदर सोडून तासभर झाल्यावर, त्यांची बोट पाण्याखालच्या खडकाला घासली. नकाशात तिथे खडक नव्हता. त्यांनी तो कळवला, वर्तमानपत्रात फोटो आला आणि सासरे एकदम मोठे झाले. सासूबाईंनी तर खडकाकडे बघूनच होकार दिला होता. दुसरं स्थळ छत्र्या दुरुस्त करणारं होतं.

पुढे कुणालाच तो खडक सापडेना. म्हणून सागरी नकाशात त्याच्या खुणेशेजारी 'अ. सं.' असं छापलं गेलं, म्हणजे अस्तित्व संशयास्पद. सासरे पाहुण्यांना मात्र सांगायचे, "अ. सं. म्हणजे अतिशय संकटमय!"

आणि आता जलसर्वेक्षण खात्यात नोकरी करणाऱ्या सुनेलाच साहेबांनी फर्मावलं होतं, "खडक असेल तर खोली मोजा. नसेल तर खोडा."

"खोडणार?" सासूबाईंच्या हातातली पळी हवेतच राहिली. "अगं, मी त्या खडकाशी संसार केलाय!"

"आई, शोधणार आहे आधी."

"मी येतो," सासरे म्हणाले. "तुम्हाला काय दिसणार डोंबल!"

सकाळी सर्वेक्षणाच्या लाँचवर सासरे दुर्बीण, उशी आणि केळी घेऊन हजर. लाँच चालवणारा तांडेल त्यांचा जुना भक्त. सुनेने खोली मोजणारा इको साउंडर सुरू केला आणि शेतात नांगर फिरवावा तशी लाँच समुद्रात उभी-आडवी फिरू लागली. पडद्यावर तळाची रेघ सरळसोट. खडक राहू दे, एक टेंगूळही नाही.

"थोडं डावीकडे घे," सासरे म्हणाले.

डावीकडे घेतलं. काही नाही.

"आता माझ्या डावीकडे."

"बाबा, इथे खडक नाही," सून शेवटी म्हणाली.

सासऱ्यांनी केळं सोलायचं थांबवलं. "सरकला असेल. स्थान संशयास्पद लिही. अस्तित्वावर कशाला घसरतेस?"

"खडक सरकत नाहीत, बाबा."

"माणसं सरकतात, मग खडकाने काय घोडं मारलंय?"

परतीच्या वाटेवर हाच वाद चालू होता. तांडेलाने सासऱ्यांची बाजू घेतली, आणि ती नीट मांडता यावी म्हणून मागे वळला. तेवढ्यात खालून 'घर्रर्र' असा आवाज आला, लाँच एका अंगाला कलली आणि केळी घरंगळत गेली.

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "हाच! हाच तो आवाज! हाच माझा खडक!"

सुनेने मान वर केली. हातभर अंतरावर पिवळा खांब होता. बंदराच्या तोंडावरचा हा खडक शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होता. त्याच्यावर खांब होता, खांबावर दिवा होता आणि दिव्यावर एक समुद्रपक्षी बसून त्यांच्याकडे बघत होता.

"बाबा, त्या दिवशी भरती होती का?"

"जोराची. समोरून."

सुनेच्या डोक्यात प्रकाश पडला. "मग इंजिन तासभर चाललं, पण पाणी तेवढंच मागे ढकलत होतं. धुक्यात तुम्हाला किनारा दिसत नव्हता. तुम्हाला वाटलं लांब आलो. बोट इथेच होती."

सासऱ्यांनी दुर्बीण खाली ठेवली आणि खांबाकडे पाहिलं. सुनेला वाईट वाटलं. त्यांची समजूत कशी काढावी, याचा ती विचार करत होती, तोच ते म्हणाले, "म्हणजे माझ्या खडकाला दिवा आहे?"

"आहे की."

"आणि तुझ्या सासूला गच्चीतून दिसतो?"

"रोज दिसतो. कपडे वाळत घालताना."

एवढ्यात साहेबांचा फोन आला. "कुठे आहात? खडक सापडला का?"

"सापडला, साहेब," सून म्हणाली. "त्याच्यावरच आहोत. स्थान अगदी निश्चित आहे."

पलीकडे नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग साहेबांनी सावकाश विचारलं, "खांब असलेला?"

"हो."

"दिवा असलेला?"

"समुद्रपक्षीही आहे."

ओहोटी लागली होती. आता पुढची भरती येईपर्यंत लाँच हलणार नव्हती. तांडेल मान खाली घालून दोर गुंडाळत बसला. सासऱ्यांनी मात्र उशी मांडली, पाय पसरले आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करून ओरडायला सुरुवात केली, "जपून रे! खडक आहे!"

थोड्या वेळाने दूरवर गच्चीत सासूबाई दिसल्या. कुणीतरी बातमी पोचवली असावी. त्यांनी वाळत घातलेली चादर दोन्ही हातांनी उचलून जोरजोरात हलवली. सासऱ्यांनी झटकन दुर्बीण लावली, केस नीट केले, आणि सुनेला दटावून म्हणाले, "जरा सरक. तिला खडक दिसत नसेल."