रस्त्यावरून उतरवलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंगाने हिरवी, आवाजाने घोगरी. माझे मालक गुरांचे डॉक्टर होते. कुठे गाय अडली, कुठे घोडा लंगडला, की आम्ही निघालोच. चिखलाने माखून परतलो, तरी ते आधी मला धूत, मग स्वतः आंघोळ करत. मालकीणबाई हसून म्हणत, "माझी सवत दारातच उभी असते."

एका दुपारी गाडी चालवताना मालकांच्या छातीत कळ आली. त्यांनी मला कडेला घेतले, ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. ते पुन्हा उठले नाहीत.

बाईंनी मला गॅरेजात कोंडले. 'गाडी आता रस्त्यावर नाही, बंद आहे' असे कर कार्यालयाला कळवून टाकले. टायर बसले. गादीत उंदरांनी संसार थाटला. माझ्यातच मालकांचा जीव गेला, म्हणून बाईंना माझे तोंडही बघवत नव्हते. मला वाचा नव्हती, मी काय सांगणार?

काही वर्षांनी त्यांनी मला भंगारात द्यायचे ठरवले. तेव्हा त्यांचे दीर आले. ते मेकॅनिक होते. माझ्या टपावर हात ठेवून ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी गाडी मीच घरी आणली. ती कडेला सरळ उभी होती. जाता जाताही दादाने रस्त्यावरच्या माणसांना जपलं, आणि हिने त्याचं ऐकलं. हिच्यावर कसला राग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली आणि फडके घेऊन बाई स्वतः आल्या.

दिरांनी माझा एकेक भाग सोडवून दुरुस्त केला. सरकारी तपासणीत मी पास झाले. मग बाई आपल्या आता मोठ्या झालेल्या मुलीला घेऊन कर कार्यालयात गेल्या. इतक्या जुन्या गाडीला कर माफ असतो, पण पुन्हा नोंद केल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही, असे कारकुनाने समजावले. गाडी इतकी वर्षे बंद का होती, असेही त्याने विचारले.

"मी रुसले होते," बाई म्हणाल्या.

नोंद झाली. मुलीने मला बाहेर काढले, बाई शेजारी बसल्या. वळणावर एका म्हाताऱ्या गुराख्याने मला ओळखून सवयीने हात वर केला. आत डॉक्टर दिसले नाहीत, तसा तो हात खाली आला. बाईंनी काच उतरवली आणि विचारले, "गुरं बरी आहेत ना?"

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तूंवर राग धरू नका. त्यांना अंधारात गंजू देऊ नका. त्यांना पुसा, वापरा. त्या माणसाची माया आम्हालाही लागलेली असते.