पाठ असलेली प्रार्थना

माझे बाबा पुस्तकांचं बाइंडिंग करायचे, आणि एकोणीस वर्षं त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती.

देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. आत्यानं मारकुट्या नवऱ्याला सोडून दुसरं लग्न केलं, तेव्हा त्या वेळच्या पाळकांनी तिला प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या रांगेतून सगळ्यांदेखत परत पाठवलं. बाबा तिच्या मागेच उभे होते. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला घेऊन ते बाहेर पडले. "जिथे माझ्या बहिणीला घास नाही, तिथे मी जेवणार नाही," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते रोज सकाळी दुकानात आले की खळ शिजायला ठेवत आणि शटर अर्धं ओढून पंधरा मिनिटं गप्प बसत. मी तिथेच पुठ्ठे कापायला बसायचे. एकदा विचारलं, "बाबा, काय मागता?"

"मागत नाही गं. मी बसतो, तोही बसतो."

पाठ केलेल्या प्रार्थनांना ते पोपटपंची म्हणायचे. आई मात्र दर रविवारी नेमानं चर्चला जायची. कुणी बाबांबद्दल विचारलं की सांगायची, "यांचं चर्च एकाच माणसाचं. पाळकही हेच, मंडळीही हेच. भांडायला दुसरं कोणी नाही, म्हणून झकास चाललंय!"

एका मंगळवारी दुपारी एका शब्दकोशाची पाठ शिवताना बाबांच्या हातातून सुई पडली. मी वळून पाहिलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

अर्धांगाचा झटका होता. हॉस्पिटलात जीव वाचला. उजव्या हातातही हळूहळू जोर आला. पण शब्द गेले. त्यांना सगळं कळायचं, बोलता मात्र काही यायचं नाही. पाणी हवं असलं की तोंडातून "दोरा" निघायचं, आणि मग ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचे.

न बोलावता चर्चची माणसं यायला लागली. एका सुतारानं बाथरूममध्ये धरायला लाकडी दांडा बसवून दिला. दोन बायकांनी आळीपाळीनं जेवणाचे डबे आणले. एक निवृत्त मास्तर दुकानातली तयार पुस्तकं लोकांच्या घरी पोचवून आले. बाबा सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडायचे. ज्यांच्याकडे एकोणीस वर्षं पाठ फिरवली, त्यांच्या हातचं खाणं बाबांच्या जिवावर यायचं.

तीन वर्षांपूर्वी नव्यानं आलेल्या पाळकबाई एका संध्याकाळी आल्या. उपदेश नाही, काही नाही. अर्धा तास बाबांच्या उशाशी नुसत्या बसल्या. उठताना म्हणाल्या, "काका, प्रार्थना केली तर चालेल?"

बाबांनी एक खांदा उडवला. म्हणजे, करा बापडे.

त्यांनी सगळ्यांना लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. आई, बाबांना बघायला आलेला सुतार आणि मी सोबत म्हणू लागलो. तिसऱ्या ओळीला आणखी एक आवाज आला. घोगरा, अडखळता, पण शब्द अगदी बरोबर.

बाबांचा!

सुतारानं डोळे उघडून बाबांकडे पाहिलं. पाळकबाईंनी मात्र डोळे उघडले नाहीत. त्यांनी फक्त वेग कमी केला, बाबांना गाठता येईल इतका. बाबा त्यांच्या जोडीनं थेट आमेनपर्यंत गेले. मग स्वतःचं काही बोलायला गेले तर पुन्हा "दोरा"च निघालं, आणि ते एकदम हसायला लागले. हसता हसता रडले.

"लहानपणी पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या कोपऱ्यात राहतं," वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी समजावलं. "आता तिथूनच सुरुवात करू." आणि खरंच, त्याच ओळींतले शब्द एकेक सुटे करून बाबा पुन्हा बोलायला शिकले.

पाच महिन्यांनी ते मला म्हणाले, "हॉस्पिटलात... तोंड बंद होतं. तरी... तो बसलेला होता. ते माझं. पण आवाज... चर्चच्या माणसांनी दिला."

पाळकबाईंना मात्र त्यांनी एकच शब्द विचारला. "बहीण?"

बाईंनी ती गोष्ट ऐकलेली होती. त्या आत्याच्या घरी गेल्या आणि मंडळीच्या वतीनं माफी मागून आल्या. कमिटीत कुरकुर झाली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि तिथेच सोडून दिली. आत्या म्हणाली, "येईन. पण मागच्या बाकावर बसणार नाही."

ती पहिल्या बाकावर बसली. रांगेत बाबा तिच्या मागे होते. भाकर तिच्या हातावर पडली तेव्हा त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता. बाहेर आल्यावर मंडळीचे म्हातारे सचिव आत्यापाशी आले. "त्या दिवशी मी गप्प बसलो होतो," म्हणाले. आत्यानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

बाबा दर रविवारी जात नाहीत. मनात आलं की जातात. पाळकबाईही कधीकधी सकाळी दुकानात येऊन त्यांच्याजवळ गप्प बसतात. म्हणतात, दिवसभर मोठ्यानं प्रार्थना करून कान किटतात.

पण आत्याला भाकर मिळाली त्या रविवारी घरी येताना बाबा रस्त्यातच थांबले आणि आईकडे पाहून म्हणाले, "एकोणीस वर्षं... तू एकटी गेलीस. माझ्यासाठी... मागत राहिलीस. थँक यू."

आई डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "एकटी कुठली? चांगले दीडशे जण असायचे. चला, ऊन लागतंय तुम्हाला."