व्हर्मूथचे दोन थेंब

मी एक पेला. माझ्यातून पाणी प्यायला जाऊ नका, अंगावर सांडेल. माझं तोंड पसरट, पोट निमुळतं आणि खाली एकच लांब पाय. म्हसावदजवळच्या ज्या घरात मी आता राहतो, तिथं पहिल्या दिवशी शेजारच्या बायका मला बघून हसल्या. "ह्या नरसाळाले बूड कोनी लाई दिधं?" असं त्यांचं म्हणणं. मला राग नाही आला, कारण मी दिसतोच तसा.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेला एका कारागिराने फुंकर घातली आणि मी फुगलो. तेव्हापासून मला एकच खोड, जे दिसेल त्याबद्दल कुतूहल. काच म्हटल्यावर सगळं आरपार दिसणारच, त्याला मी तरी काय करू?

तिथून मी गोव्याच्या एका हॉटेलात गेलो. माझं काम एकच, मार्टिनी. जिन आणि व्हर्मूथ यांचं थंडगार मिश्रण. व्हर्मूथ म्हणजे झाडपाला आणि साली घालून मुरवलेली द्राक्षाची दारू. काही गिऱ्हाइकांना तिचा नुसता वास हवा असतो. म्हणून माझ्यात तिचे दोन थेंब टाकायचे, मला गर्रकन फिरवायचं, उरलेले थेंब झटकून द्यायचे आणि मग जिन ओतायची. माणसं इतकी महागाची वस्तू विकत घेतात आणि फेकून देतात, याचं मला भारी नवल वाटे.

मला फिरवणारा हात उदेसिंगचा होता. सातपुड्याच्या पायथ्याचा हा भिल्ल तरुण माझा दांडा दोन बोटांत असा धरायचा, की मला पडायची भीतीच वाटली नाही. एकदा धुताना माझ्या बुडाचा टवका उडाला. हॉटेलात टवका उडालेल्याला जागा नसते. मॅनेजरला विचारून उदेसिंगने मला पंच्यात गुंडाळलं आणि सुट्टीला येताना गावी आणलं.

शहाद्याच्या स्टँडवरून एसटीत बसल्यावर तो गप्प गप्प झाला. एवढा बोलका गडी असा का मिटला, ते मला घरी आल्यावर कळलं. त्याचे वडील वाहरू केळीचे घड कापून ट्रक भरायचं काम करतात. उदेसिंग बारमध्ये कामाला लागला, तेव्हापासून ते त्याच्याशी धड बोलत नव्हते.

मला वाटलं, म्हातारा दारूच्या विरुद्ध असेल. छे! त्या घरात रूपलीबाई, म्हणजे उदेसिंगची आई, लग्नकार्याला स्वतः मोहाची गाळते. वाहरूबाबांचा राग वेगळाच होता.

"तू तठे कोन्ले पेवाडस?" त्यांनी विचारलं. कोणाला पाजतोस, असं.

"जो येस तेले."

"पाव्हना नही, सोयरा नही, तरी पेवाडस? आनि पूर्वजेस्ले इचारस बी नही?"

त्या घरात पिण्याआधी पूर्वजांचं नाव घेऊन जमिनीवर दोन थेंब सोडतात, मग वडीलधाऱ्यांना देतात आणि मग आपण घेतात. पगार घेऊन परक्याच्या हातात पेला देणं वाहरूबाबांच्या डोक्यात बसत नव्हतं. उदेसिंगला मात्र एकच हवं होतं. बापाने आपलं काम एकदा, फक्त एकदा बघावं. नाहीतर ही सुट्टीही तशीच जाणार होती.

परतायच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, त्याने ओट्यावर संसार मांडला. नंदुरबारहून आणलेल्या दोन बाटल्या, गोळेवाल्याकडचा बर्फ, बांधावरचं लिंबू. बर्फात जिन घालून त्याने ती स्टीलच्या लोट्यात पळीच्या दांड्याने हळूहळू ढवळली. चहाची गाळणी तयार ठेवली. रूपलीबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. वाहरूबाबा खाटेवर पाठ फिरवून बसले होते, पण मान अर्धी वळलेली होती.

मग उदेसिंगने माझ्यात व्हर्मूथचे थेंब टाकले, मला फिरवलं आणि सवयीने ओट्याखालच्या मातीवर झटकलं.

वाहरूबाबा ताडकन उठले. जवळ आले. त्यांचा चेहरा असा मऊ झालेला मी प्रथमच पाहिला.

"कोन्हं नाव लिधं?" त्यांनी हळूच विचारलं.

उदेसिंग गोंधळला. नुसतं आजोबांचं नाव सांगितलं असतं, तरी काम झालं असतं. मी श्वास रोखून बघत होतो.

"कोन्हंच नही, बाबा," तो म्हणाला. "रीतच तशी शे. पेला वल्ला करानं आनि बाकी फेकी देवानं."

"तठे रोज फेकतस?"

"रोज."

"आनि कोन्हंच नाव नही?"

उदेसिंगने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. म्हातारा त्या ओल्या मातीपाशी वाकला. मग त्याने मला उदेसिंगच्या हातातून घेतलं, आणि दांड्याला नाही, चांगलं मुठीत धरलं.

"भर," म्हातारा म्हणाला.

उदेसिंगने गाळून भरलं, वर लिंबाची साल पिळली. वाहरूबाबांनी दोन थेंब मातीवर सोडले, आपल्या बापाचं, दगाबुवांचं नाव घेतलं आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"कडू शे," ते म्हणाले. मग दुसरा घोट घेतला. "देख. आते तठे पेला फिरावशी ना, तवय दगाबुवानं नाव लेत जाय. शहादाना पुढे कधी गया नही तो. तो बी गोवा देखी लेई."

उदेसिंगचे डोळे भरून आले होते. मला इतका आनंद झाला, की रडता येत नाही याचं वाईट वाटलं.

तो गेला, मी इथेच राहिलो. रूपलीबाई रोज मला फडक्याने पुसते आणि मांडणीवर उपडा ठेवते. परवा रविवारी दुपारी उदेसिंगचा फोन आला. वाहरूबाबांनी तब्येतपाणी न विचारता आधी विचारलं, "नाव लिधं का रे?"

"लिधं ना. काल शनवार व्हता, बाबा. इतली गर्दी! दगाबुवाले चढी गयी व्हई."

म्हातारा हसला. ठसका लागेपर्यंत, खाटेला धरून हसला.

आता माझं तुमच्याकडे एवढंच मागणं. कधी एखाद्या मोठ्या हॉटेलात बसलात आणि पेला झटकता झटकता तिथला पोऱ्या ओठांत काही पुटपुटताना दिसला, तर त्याला घाई करू नका.