न विणलेला व

श्रेया मॅडमनी पिशवीतली अक्षरं चटईवर ओतली, क पासून ह पर्यंत ओळीनं मांडली आणि विचारलं, "काकी, व कहाँ गया?"

"दोरा संपला," बकुळा म्हणाली.

"दोरा संपला? और ये श, ष, स, ह बन गए?"

बकुळा मोरीत जाऊन उगाच तांब्या घासत बसली. मॅडम बिचारी इंदूरची, हॉस्पिटलातर्फे बकुळाच्या नवऱ्याला बोलतं करायला आठवड्यातून दोनदा चाळीचे तीन जिने चढून यायची. तिला काय माहीत.

खाटेवर गुणाजी टेकून बसला होता. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या या माणसानं. लालबागपासून हिंदमातापर्यंत साड्यांच्या दुकानांवरची निम्मी अक्षरं त्याच्या हातची. मग फ्लेक्स आले आणि कुत्रं विचारेना. जानेवारीत झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा पार गेली. हूं नाही की चूं नाही. मॅडमनी हॉस्पिटलात होता तो हिंदी वर्णमालेचा तक्ता आणून दिला, अ से अनारवाला. गुणाजीची नजर त्यावरून नुसती घसरायची. तेव्हा मॅडम जमेल तशा मराठीत म्हणाली, "काकी, हाताला लागतील अशी अक्षरं पाहिजेत. जाड. त्यांचा हात विसरला नसेल."

जाड अक्षरं! बकुळानं आयुष्यभर क्रोशाची सुई चालवली होती. चाळीतल्या निम्म्या पोरींच्या रुखवतात तिची तोरणं गेली होती. तिनं जाड सुती दोरा आणला, लालभडक. मुक्या खांबांची, म्हणजे आखूड घट्ट टाक्यांची पट्टी घालायची, तक्त्यावर ठेवून वळवायची, साबुदाण्याच्या खळीत बुडवायची आणि पाटावर टाचण्या मारून वाळवायची. दिवसाला एक अक्षर. वाळलं की बोटभर जाडीचं कडक उभं राहायचं.

गुणाजी डाव्या हातानं एकेक अक्षर चाचपायचा. क, ख, ग. डोळे मिटून काठाकाठानं बोट फिरवायचा. ज चा काना तिरका गेला तर तिच्या मांडीवर टाकून द्यायचा, परत कर म्हणून. ती उसवायची. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघं एका कामावर बसली होती आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

मग ल आला. तक्त्यातला हिंदी ल तिनं जसाच्या तसा विणला. गुणाजीनं हातात घेतला, कपाळाला आठी घातली आणि भिरकावला. परत दिला, परत भिरकावला. मग चादरीवर बोटानं मोठ्ठा मराठी ल काढला, दोन्ही गाठी नीट वळवून, पाटीवर काढायचा तसा. आणि तिच्याकडे असं बघितलं, की काय गं, एवढंही येत नाही?

या माणसाला सगळं कळतंय. सगळं!

ल नंतर व येतो. तिनं तो विणला नाही. श घेतला.

कारण व हातात आला की हा माणूस पहिल्यांदा काय मांडेल, ते तिला माहीत होतं. विनीत. एकुलता मुलगा. बाप पाट्या रंगवायचा, मुलगा पाट्या चढवायचा. जवळच्याच एका नव्या टॉवरच्या डोक्यावर टॉवरचं नाव बसवत होते, इंग्रजीत, एकेक अक्षर पुरुषभर उंच, आतून दिवे लागणारं. तिसरं अक्षर बसवताना विनीत खाली आला. बिल्डरचा माणूस म्हणाला, बेल्ट दिला होता, त्यानं लावला नाही. बेल्ट दाखवा म्हटलं तर पोलिसांनी नेला म्हणे. पोलीस म्हणाले, आम्हाला बेल्ट मिळालाच नाही. दुसऱ्या आठवड्यात नाव पुरं झालं. रोज संध्याकाळी पेटतं. गॅलरीतून दिसतं.

तेव्हा गुणाजी आयसीयूत होता, सहावा दिवस. मुलीनं, मायानं ठरवलं, बाबांना सांगायचं नाही. डॉक्टर धक्का नको म्हणालेत. मग त्याच्या कानाशी सांगितलं, विनीतला मस्कतला नोकरी लागली, घाईत गेला.

मॅडम गेल्यावर माया आली. वडाळ्याहून येताना भाजी आणायची, आणि अक्कल.

"व कुठाय विचारत होती ती," बकुळा गॅलरीत तिला म्हणाली. "मला नाय जमत आता. सांगून टाकते."

"सांग ना, सांग. भाऊ गेला, आता बाबा पण घालव. मग बस तोरणं विणत."

"तोंड सांभाळ, माया."

"मी सांभाळतेच आहे. सगळं मीच सांभाळतेय. अग्नीसुद्धा मीच दिला, विसरलीस?"

माया हमसून रडली, मग तोंड धुऊन आत गेली आणि बापाला म्हणाली, "काय बाबा, मजा आहे! विनीतचा मेसेज होता. तिकडे जाम गरम होतंय म्हणाला." गुणाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

माया गेली. चार वाजले. बकुळा चहा घेऊन आली तर गुणाजीनं मांडीवरच्या पाटावर अक्षरं घेतली होती. शोधून शोधून दोनच. न आणि त. त्यांच्याआधी एका अक्षराची जागा मोकळी सोडली होती.

"काय ओ, काय मांडलंत?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच खोटा लागला.

गुणाजीनं उशाशी ठेवलेल्या फुलपात्रातलं पाणी डाव्या तळव्यात घेतलं. ते त्या मोकळ्या जागेवर सोडलं, बोटांवरून नव्हे, अंगठ्याच्या बाजूनं. मेलेल्याला देतात तसं.

कप तिच्या हातातून सुटला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच नव्हतं सांगितलं. उभ्या उभ्या तिला समजलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दहा दिवस घरात चूल नव्हती. समोरची रंजिता डबा द्यायची, पिठलं-भात, फोडणी नाही, नावापुरती हळद. असला डबा चाळीत फक्त मयताच्या घरी जातो. आणि बकुळानं तोच डबा हॉस्पिटलात नेऊन घास घास त्याला भरवला होता. आपल्याच हातानं पोराच्या सुतकाचा घास बापाच्या तोंडात. त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. तीन महिने मस्कतच्या गोष्टी ऐकत पडून होता. ओरडायला तोंड नाही, रडलं तर पोरगी म्हणणार, आजारानं डोळ्यांतून पाणी येतं.

ती खाटेच्या कडेला बसली. "गेला ओ," एवढंच म्हणाली.

गुणाजीनं डावा हात उचलून तिच्या गालावर मारला. जोर नव्हताच त्यात. आयुष्यात कधी हात न उगारलेला माणूस. परत मारला.

"मारा," बकुळा म्हणाली. "तुमचा हक्क होता अग्नीचा, तो आम्ही खाल्ला. अजून मारा."

हात तिच्या खांद्यावरून घसरून पडला. मग त्यानं तळवा उलटा करून बोटं हलवली, एकदा, दोनदा. बोल म्हणत होता. पुढे बोल.

तीन महिन्यांत तिनं हे कुणालाच धड सांगितलं नव्हतं. पोलिसांना सांगितलं ते पोलिसांच्या कामाचं, नातेवाइकांना सांगितलं ते त्यांच्या उत्सुकतेपुरतं. बापाला सांगायचं ते वेगळं असतं.

"त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला," ती म्हणाली. "म्हणाला, आई, बाबांकडे जाऊन मग कामावर जातो. तुम्हाला काचेतून बघून गेला."

गुणाजी तिच्या तोंडाकडे बघत होता.

"निळा शर्ट होता. कॉलर फाटलेला. मी म्हटलं बदल, तर म्हणाला वर कोण बघतंय."

त्याचे ओठ हलले. घशात काहीतरी खरवडलं.

"तोंडाला काय नव्हतं लागलं ओ. तोंड तसंच होतं. झोपल्यासारखं. मायानं केस विंचरले."

"हूं," गुणाजी म्हणाला.

जानेवारीनंतरचा पहिला आवाज. बकुळा थबकली. त्यानं परत बोटं हलवली.

"मग त्याला स्मशानात नेताना गाडी चिंचपोकळीच्या पुलावर बंद पडली," ती म्हणाली.

"हूं."

"पोरं उतरून ढकलायला लागली. सगळी त्याच्याबरोबर पाट्या चढवणारी. धर्मा सगळ्यांत पुढे."

"हूं."