कापाबाहेरची शेपटी

सुतार मावशींच्या संकलनाच्या खोलीच्या उंबऱ्यातच घुटमळला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कारखान्याची जाहिरात मावशींनीच संकलित केली होती.

"मावशी, जाहिरातीत न घेतलेलं चित्रीकरण ठेवलंय का हो? माझी पोर बोलली होती त्यात. तापाचं निमित्त झालं, गेली ती. फोटो ढीगभर आहेत, पण फोटो काय बोलतात?"

मावशींना ती लख्ख आठवली. केसांत भुसा, वाक्य पुरं व्हायच्या आत हसू. जाहिरात बघायला आला तेव्हा समोरच्या खुर्चीत बसून बाप म्हणाला होता, "काढून टाका तिला. कारखाना आहे का सर्कस?" तो विषय आता दोघांनीही काढला नाही.

मावशींच्या उमेदीच्या काळात फिल्मच्या पट्ट्या चिमट्यांना टांगलेल्या असत. कापलेली चिंधीसुद्धा पिशवीत जपून ठेवायची, कधी लागेल सांगता येत नाही. आता फळीवर हार्ड डिस्कची रांग होती आणि कारभार भाच्याचा.

"अगं, काम झालं की मी वापरलेलेच तुकडे ठेवतो, बाकी पुसतो," भाचा आतून येत म्हणाला. "डिस्क म्हणजे काय द्रौपदीची थाळी आहे?" मग सुताराचा चेहरा दिसला आणि त्याने जीभ चावली.

"शेपट्या ठेवल्यास ना?" मावशींनी विचारलं.

"त्या ठेवतोच."

सांधा मागेपुढे सरकवता यावा म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन सेकंदांचं जास्तीचं चित्रीकरण राखायचं, ही शिस्त मावशींचीच. त्यांनी डिस्क जोडली. फळीवर रंधा चालवणारे सुताराचे हात, मुलीच्या काढून टाकलेल्या बोलण्याच्या लगेच आधीचा तुकडा. त्यांनी तो कापाच्या पुढे ओढला.

रंधा थांबला. कडेने भुशाने माखलेलं एक कोपर आत आलं. खुदकन हसू फुटायला लागलं आणि त्याच्यावरच सुताराचा आवाज आदळला, "आटप लवकर!"

चित्र संपलं.

"पुढे?"

"पुढे नाही."

"परत लावा."

मावशींनी परत लावलं. मग आणखी एकदा.

"माझा आवाज तेवढा काढता येईल?" त्याने खाली बघत विचारलं.

मावशींनी भाच्याकडे पाहिलं. त्याने बरीच खटपट केली, मग कानांवरचे हेडफोन उतरवले.

"दोन्ही आवाज एकमेकांत मुरलेत, काका. तुमचा काढायला गेलं की तिचंही हसू जातं."

सुतार पडद्यावर थांबवलेल्या त्या कोपराकडे बघत राहिला.

"असू दे मग," तो म्हणाला. "तसंच द्या."