यादीतला पहिला

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक म्हातारे शिंपी माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "तुमच्या फोनमुळे डोळा वाचला हो!" तर मी फटकन म्हटलं, "आजोबा, फोन नाही, मेसेज. फोन तीन आठवड्यांपूर्वीच बंद केलेत."

"कसला मेसेज? बाईंचा आवाज होता. मी म्हटलं, दुखतंय थोडं, येईन दोन दिवसांनी. तर कसल्या ओरडल्या! असाल तसे निघा म्हणाल्या."

आत डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं होतं की दोन दिवस थांबले असते तर डोळा हातचा गेला असता.

मोतीबिंदू काढलेल्यांना दुसऱ्या दिवशी तपासणीला बोलावायचं काम वीस वर्षं आमच्या फोनवाल्या काकूंचं. चाळिशी ओलांडल्यावर मी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकले आणि ते काम प्रोग्रॅमवर आणलं. त्यात एक लूप होतं. लूप म्हणजे यादीतल्या एकेकाला धरून तेच काम करत शेवटपर्यंत जायचं, न कंटाळता. महिना बिनचूक गेला की माझी नोकरी पक्की आणि काकूंचं टेबल बंद, असं ठरलं होतं.

मी आजची यादी उघडली. आजोबा पहिले. मेसेज गेलाच नव्हता! कालच्या पहिल्यालाही नाही, परवाच्याही नाही. अठरा दिवस, अठरा माणसं. जावास्क्रिप्ट शून्यापासून मोजते, यादीतला पहिला तिच्या लेखी शून्यावर. माझ्या चाचणीच्या यादीत शून्याच्या जागी मथळ्याची ओळ होती, ती गाळायला मी लूप एकापासून सुरू केलं होतं. खऱ्या यादीत मथळा नव्हताच, तिथे माणूस होता. मी घाईघाईने एकेकाची नोंद काढून बघितली. पण अठराही जण तपासणीला येऊन गेले होते.

काकूंच्या टेबलाशी गेले. "काकू, पहिल्याला रोज तुम्ही फोन करत होतात?"

"मग? तूच ठेवला होतास ना माझ्यासाठी."

"मी?"

"रोजच्या यादीत सगळ्यांपुढे 'पाठवला', पहिला तेवढा कोरा. म्हटलं, पोरगी तोंडाने फटकळ, पण मनाने मोठी. म्हातारीचं काम एकदम काढून नाही घेतलं."

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मला रडूच फुटलं. "नाही हो काकू, तुमचा विचारसुद्धा मनात आला नव्हता. चुकलं माझं. तुम्ही होतात म्हणून अठरा माणसं वाचली, आणि मीही."

"अगं बाई! म्हणजे तीन आठवडे मी उगाच तुझं कौतुक करत हिंडले?" आणि काकू खो खो हसल्या. मग डोळे पुसायला मला आपला रुमाल दिला.

डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या, चिडायलाच हव्या होत्या. माझा महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी लूप शून्यावर आणलं आणि त्यांची परवानगी घेऊन खाली दुसरं लूप लिहिलं. दहा वाजेपर्यंत ज्यांचं 'येतो' असं उत्तर येणार नाही, त्यांची नावं ते काकूंकडे पाठवतं.

पहिल्या दिवशी सात नावं गेली. काकूंनी चष्मा लावून ती दोनदा मोजली आणि तिथूनच ओरडल्या, "काय गं, हीसुद्धा तुझी चूकच का?"

"नाही हो काकू," मी म्हटलं, "ही मुद्दाम."